दंडावरचे फुगे कधी काढायचे?

प्रश्न : मुलगी ४ वर्षांची आहे. दंडावर हवेचे फुगे असले की तलावात मजेत फिरते, काढले की रडते. काय करावं?

उत्तर : फुगे आजच काढा. ते अंग उभं धरतात. पोहायला आडवं व्हावं लागतं. शिवाय ते निसटतात, त्यांतली हवा जाते. आधी पायरीवर बसवून पाण्यात तोंडाने बुडबुडे काढायला लावा. मग उताणं तरंगणं : डोकं तुमच्या खांद्यावर, कान पाण्यात, नजर वर. हनुवटी छातीकडे आली की कंबर बुडते आणि मूल घाबरतं, इथेच बहुतेकांचं अडतं. आधार हळूहळू कमी करा. २० मिनिटं पुरेत. ती कुडकुडू लागली तर त्याआधीच बाहेर. तुम्ही कायम हाताच्या अंतरावर, मोबाइल पिशवीत. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही.