इंटरनेट वापरून मानवी हक्कांचं काम कसं करावं, आणि त्यासाठी लागणारा जुना कॉम्प्युटर कसा सांभाळावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात तुम्ही चार-पाच जण मुंडकारांच्या (म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांच्या) घरांचे आणि बांधकामावरच्या मजुरांच्या थकलेल्या मजुरीचे प्रश्न हाती घेता. वाचनालयाकडून एक जुना कॉम्प्युटर मिळालाय. इंटरनेटचा या कामाला नेमका काय उपयोग, आणि ते यंत्र टिकवायचं कसं?

मी फोंड्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याच टेबलावर लोकांचे अर्जही लिहून देतो. माझ्या मते तुमचे प्रश्न दोन नाहीत, एकच आहे. हक्काची लढाई पुराव्यावर चालते आणि आजचा पुरावा त्या यंत्रात राहतो. तो हरवला, बिघडला किंवा चोरीला गेला, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी मामलेदारापुढे हात रिकामेच राहतात.

म्हणून पहिलं सांगणं हे की आधी नोंद करा, पोस्ट नंतर. आपल्याकडे उलटं होतं. घराची भिंत पाडताना कुणीतरी व्हिडिओ काढतो, तो व्हॉट्सअॅपवर गावभर फिरतो, लोक चिडतात, आणि महिनाभराने सुनावणी लागते तेव्हा मूळ फाइल कुणाकडेच नसते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जागा ही माहिती निघून जाते. त्यामुळे ज्याने फोटो काढला त्याच्या फोनमधून तो केबलने थेट कॉम्प्युटरवर घ्या. ते जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. जाहीर टाकायची प्रत मात्र वेगळी करा आणि तिच्यातून जागेची माहिती मुद्दाम काढून टाका, नाहीतर तक्रार करणाऱ्या बाईचं घर कुठलं ते सगळ्यांना कळेल. अत्याचार झालेल्या मुलाची किंवा बाईची ओळख पटेल असं काहीही टाकायचं नाही. तो गुन्हाच आहे, आणि गुन्हा नसता तरी ते करू नये.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. मूळ यंत्रच हजर करणार नसाल तर ते सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीच्या खटल्यात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली आकडे-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये आणि त्याच्याऐवजी चालणाऱ्या लिनक्समध्ये ती काढायची सोय मुळातच असते, वेगळं काही विकत घ्यायला नको. ज्या दिवशी फाइल कॉम्प्युटरवर आली त्याच दिवशी हॅश काढा, वहीत लिहा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे त्याला तारीख लागते. हे काम कंटाळवाणं आहे. तरी करा.

आता इंटरनेटवर काय मिळतं ते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आणि कोण कसतं याची सरकारी नोंद, घरबसल्या पाहता येतो. राज्याचं राजपत्र नेटवर मोफत आहे, आणि जमिनीच्या वापरातल्या बदलांच्या सूचना व त्यांवर हरकत घ्यायची मुदत त्यात छापलेली असते. तुमच्यातल्या एकाने राजपत्र नेमाने चाळायचं काम अंगावर घ्यावं. गावात जेसीबी येतो तेव्हा कागद बहुधा महिन्यांपूर्वी छापून झालेला असतो. सरकारी पानावर कामाचं काही दिसलं की नुसता स्क्रीनशॉट घेऊन थांबू नका. पीडीएफ उतरवा आणि ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावरही जतन करा. पानं बदलतात, कधी नाहीशीही होतात.

माहिती अधिकाराबद्दल तुम्हाला बरंच ठाऊक असेल. देशाचा कायदा २००५ चा, पण गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा केला होता, हे आपल्या नव्या पिढीला कुणी सांगत नाही. केंद्राचं ऑनलाइन पोर्टल फक्त केंद्रीय खात्यांसाठी आहे. पंचायतीचा किंवा मामलेदार कचेरीचा अर्ज तिथे टाकलात तर तो परत येतो आणि भरलेलं शुल्कही मिळत नाही. पंचायतीला कागदावरच अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि ती पोच त्याच दिवशी स्कॅन करा. उत्तराची मुदत ३० दिवस. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. कुणाला कोठडीत ठेवलं असेल तेव्हा हे ४८ तासांचं कलम अर्जात ठळक लिहा, कारण कचेरीत ते स्वतःहून कुणी आठवत नाही. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती चालते. म्हणजे मराठीत किंवा कोकणीत लिहा, इंग्रजीसाठी कुणाच्या पाया पडू नका. गोव्यातल्या कचेऱ्यांतही १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला जागा आहे. पण आयोग कशासाठी आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर तक्रार पहिल्याच फेरीत निकाली निघते. लोकसेवकाने हक्क मोडला, किंवा मोडला जात असताना थांबवायची त्याची जबाबदारी होती आणि त्याने हयगय केली, हे आयोगाचं क्षेत्र. तुमच्या मजुरांची मजुरी खाजगी कंत्राटदाराने बुडवली असेल तर पहिला अर्ज कामगार आयुक्तांच्या कचेरीत. तिथे लेखी तक्रार देऊनही कुणी हललं नाही, तर त्या हयगयीबद्दल आयोगाकडे जायला आधार तयार होतो. आणि तो आधार म्हणजे पुन्हा तीच स्कॅन केलेली पोच. निनावी तक्रार, मोघम तक्रार, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, वर्षापेक्षा जुनी घटना, हे आयोग घेत नाही. पणजीला गोवा मानवी हक्क आयोगही आहे. एकच तक्रार दोन्हीकडे टाकू नका. राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही.

मुंडकारांच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन: १९७५ चा कायदा घरातून हाकलण्यापासून संरक्षण देतो, पण मामलेदाराकडे नोंदणी झालेली असली की लढणं कितीतरी सोपं जातं. तुमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा त्या कामाला लावा. वाड्यावरच्या प्रत्येक घराची जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले स्कॅन करा, घराच्या नावाने फोल्डर करा. म्हाताऱ्या माणसांच्या पत्र्याच्या पेटीतले हे कागद वाळवी खाते आणि मग भाटकार म्हणतो, हे कधी इथे राहतच नव्हते.

जाहीर मोहिमेला माझा विरोध नाही, उलट तिची गरज असते. गोव्यातल्या मोले या अभयारण्याचं उदाहरण समोर आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत लोकांना एकत्र येणं कठीण असताना रेल्वे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग या तीन प्रकल्पांची माहिती गावोगाव पोचली ती मोठ्या प्रमाणात इंटरनेटमुळे. चित्रं होती, पत्रं होती, गाणी होती. पण त्याबरोबरच लोक मूळ अहवाल वाचत होते आणि मुद्देसूद हरकती लिहीत होते, आणि गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली होती. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. जनमत आणि कागद दोन्ही हवेत, आणि कागद आधी जमलेला हवा.

पोस्टबद्दल कुणी धमकावलं तर इतकं लक्षात ठेवा: ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. बदनामीची आणि इतर कलमं मात्र आहेत, तेव्हा जे सिद्ध करता येईल तेच लिहा.

आता यंत्र. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तुमच्या वाळपईकडे तर जोरच वेगळा. कॉम्प्युटर मरतो तो बहुतेक वेळा ओल आणि विजेमुळे. जून ते सप्टेंबर तो रोज निदान अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल उडते. गरम असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नका. पावसाआधी आणि चतुर्थीनंतर एकदा प्लग काढून पेटी उघडा, मऊ ब्रशने धूळ झाडा, पंखा बोटाने धरून मग ब्लोअर मारा. स्क्रीन काळी आणि नुसतं बीप बीप ऐकू येत असेल तर घाबरून नवीन पार्ट घेऊ नका. रॅम, म्हणजे आतला मेमरीचा लांबट तुकडा, काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत नीट बसवा, बऱ्याचदा तेवढ्यावर चालू होतो.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि नेटची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही येते आणि मदरबोर्ड जाळून जाते. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाचनालयाला अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा, यूपीएस त्यानंतर घ्या.

डेटाच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी किंवा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. ती कायम जोडलेली असेल तर व्हायरस तिच्यावरही जातो. फोल्डरांचे अचानक शॉर्टकट झालेले दिसले तर तो झेरॉक्सच्या दुकानातल्या पेनड्राइव्हने आणलेला व्हायरस समजा. फाइली बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या पानावर सफाईची साधनं मोफत आहेत. आणि दुकानात छापायला नेताना फक्त छापायची फाइल असलेला वेगळा पेनड्राइव्ह वापरा.

चोरीचं विंडोज आणि क्रॅक केलेलं ऑफिस यंत्रावर असेल तर काढून टाका. अशा कॉप्यांबरोबर काय येतं ते मी रोज पाहतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि तुमचं जुनं यंत्र विंडोज ११ घेईलच असं नाही. लिनक्स मिंट टाका, मोफत आहे, त्यासोबत लिब्रेऑफिस येतं आणि मराठी युनिकोडमध्ये उत्तम लिहिता येतं. वाचनालयाची जुनी पत्रं युनिकोड नसलेल्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात असतील तर यंत्र बदलण्याआधी ती उघडून पीडीएफ करून ठेवा, नाहीतर नंतर नुसती चिन्हं दिसतील.

हक्कांचं काम करणाऱ्यांवर नेम धरून हल्ले होतात, ही कल्पना नव्हे. अॅम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी जून २०२० मध्ये दाखवून दिलं की भारतातल्या निदान नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना २०१९ मध्ये फसवे ईमेल गेले होते. महत्त्वाचा कागद समजून फाइल उघडली की नेटवायर नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये शिरायचं. म्हणून विंडोज वापरत असाल तोवर फाइलचं पूर्ण नाव दिसण्याची सेटिंग चालू करा. नोटीस म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट पीडीएफ नसून ईएक्सई (म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) असेल तर ती उघडायची नाही. खरी नोटीस असेल तर कचेरीत फोन करून खात्री करता येते.

वाचनालयाचा कॉम्प्युटर दहा जण वापरणार. तुमच्या कामाचं खातं वेगळं, त्याला पासवर्ड, आणि तक्रारींचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारं, असू दे. पासवर्ड दोघांकडे असावा, एकाकडेच नको. कुणी गट सोडला की त्याच दिवशी बदला. आणि मी स्वतः दुरुस्तीवाला असून सांगतो: यंत्र दुरुस्तीला देताना डिस्क काढून घरी ठेवा. स्क्रीन, पॉवर सप्लाय, रॅम दुरुस्त करायला तुमच्या फाइली लागत नाहीत. जो तरीही पासवर्ड मागतो त्याच्याकडून यंत्र परत घ्या.

कॉम्प्युटरचं मॉडेल आणि रॅम किती ते कळवा, म्हणजे मिंटची कुठली आवृत्ती चालेल ते सांगतो. मजुरांचा अर्ज लिहून झाला असेल तर नावं, गाव आणि फोन नंबर गाळून मजकूर तेवढा इथे टाका. कामगार आयुक्तांकडे जाण्याआधी मी एकदा वाचून देईन.