संदर्भ द्यायचा तो पानापर्यंत

प्रिय विद्यार्थिमित्रा,

निबंध लिहून झाला, आता "फक्त संदर्भ टाकायचे राहिलेत", असं तू कळवलंस. त्या "फक्त"बद्दलच हे पत्र आहे. संदर्भ शेवटी टाकायचे नसतात, वाचतानाच टिपायचे असतात. टिपलेले असतील तर ते नीट मांडणं हे एका दुपारचं काम. टिपलेले नसतील तर आठवडा जातो, ग्रंथालयाच्या खेपा होतात आणि तरीही दोन-चार टिपा लंगड्याच राहतात.

नियम पुष्कळ आहेत, पण त्यांच्यामागची कसोटी एकच. तुझं म्हणणं न पटलेला वाचक, तुला काहीही न विचारता, तुझ्या टिपेवरून नेमक्या त्या पानावर पोचतो का? पोचत असेल तर स्वल्पविरामाच्या जागेवरून तुझा निबंध कोणी परत पाठवणार नाही. पोचत नसेल तर स्वल्पविराम अचूक असून काय उपयोग?

म्हणून पुस्तक हाती आलं की आधी शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेव. मुखपृष्ठावर विसंबू नकोस. तिथे उपशीर्षक गाळलेलं असतं, कधी संपादकाचं नाव लेखकासारखं छापलेलं असतं. आवृत्ती, वर्ष, प्रकाशक ही खरी माहिती शीर्षकपानाच्या मागे असते आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. समज, तिथे छापलंय: पहिली आवृत्ती १९६८, दुसरी सुधारित आवृत्ती १९८४, पुनर्मुद्रण २००७. तुझ्या हातात २००७ची प्रत आहे. नुसतं २००७ लिहिलंस तर तो युक्तिवाद या शतकातला आहे असं वाचकाला वाटेल आणि तुझ्या निबंधातला कालक्रमच बिघडेल. नुसतं १९६८ लिहिलंस तर पानं जुळणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे तू उद्धृत केलेलं वाक्य पहिल्या आवृत्तीत नसूही शकतं. बरोबर नोंद अशी: दुसरी आवृत्ती, १९८४, पुनर्मुद्रण, २००७. पुनर्मुद्रणात पानं बहुधा तीच राहतात, नव्या आवृत्तीत मजकुराची जुळणी नव्याने होते आणि पानं सरकतात. हा फरक लक्षात ठेवलास तर निम्मी कटकट वाचते. काही प्रकाशक पुनर्मुद्रणालाच "आवृत्ती" म्हणतात, त्याला इलाज नाही. छापलंय तसं लिही आणि पानं आपल्या हातातल्या प्रतीची दे.

जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा फक्त शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. मात्र शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना कळत नसेल तर उगाच एक वर्ष ठोकून देऊ नकोस. छापलेलं शके तसंच ठेवून पुढे चौकटी कंसात दोन्ही वर्षं दे: शके १८०५ [१८८३–८४]. चौकटी कंस म्हणजे आतला मजकूर मूळ पुस्तकातला नाही, तू घातलेला आहेस. हाच संकेत अवतरणातही पाळायचा.

आता टिपणं. वहीत असो की संगणकावर, तीन प्रकारचा मजकूर एकमेकांत मिसळू देऊ नकोस: लेखकाचे शब्द, लेखकाच्या म्हणण्याचा सारांश, आणि तुला सुचलेलं. पहिल्याला अवतरणचिन्हं त्याच क्षणी घाल. "नंतर घालू" म्हटलं की सहा महिन्यांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं. पुष्कळसं वाङ्मयचौर्य अशा आळसातून होतं, आणि परीक्षक हेतू तपासत बसत नाही. सारांशालाही पृष्ठ क्रमांक हवाच. अवतरण दोन पानांवर पसरलं असेल तर पान उलटतं त्या शब्दापाशी तिरपी रेघ मार. पुढे त्यातलं अर्धंच वाक्य वापरलंस तर ते १४२वर आहे की १४३वर, हे पुन्हा पुस्तक न मागवता कळेल.

पीडीएफ वाचताना एक सापळा असतो. पडद्यावर दिसणारा क्रमांक फाइलमधल्या पानाचा असतो, पुस्तकाच्या पानाचा नव्हे. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना धरून फाइलमधलं ३७वं पान छापील २१वं असू शकतं. संदर्भात नेहमी छापील क्रमांक दे. अक्षराचा आकार बदलला की पानं बदलणारी ई-पुस्तकं असतात, तिथे पृष्ठ क्रमांक निरर्थक. प्रकरण आणि उपशीर्षक दे, गरज पडली तर परिच्छेदाचा क्रमांकही.

कशाला संदर्भ द्यायचा, यात सगळ्यात जास्त गफलत सारांशाच्या बाबतीत होते. समज, मूळ वाक्य असं आहे: "छापखाने आल्यावर वाचकवर्ग केवळ वाढला नाही, तो विखुरला." आणि निबंधात उतरलं असं: छापखान्यांच्या आगमनानंतर वाचकवर्ग फक्त वाढला असे नाही, तर तो विखुरलाही गेला. शेवटी टीप आहे, तरीही हे चुकीचं. वाक्याचा सांगाडा लेखकाचा, शब्द तेवढे इकडचे तिकडे. अवतरणचिन्हं नसल्यामुळे तू वाचकाला सांगतोस की मांडणी माझी आहे. दोनच मार्ग आहेत. एक तर वाक्य जसंच्या तसं अवतरणात घे, नाहीतर पुस्तक मिटून तुझ्या युक्तिवादाला लागतं तेवढंच तुझ्या रचनेत लिही: मुद्रणामुळे वाचक संख्येने वाढले, पण त्यांचा एकसंध गट राहिला नाही, असे या लेखकाचे मत आहे. इथेही टीप हवीच, कारण कल्पना त्याची आहे. उलट एखाद्या सर्वज्ञात घटनेच्या सालासाठी टीप नको. ज्या सालावर अभ्यासकांत वाद आहे, तिथे मात्र हवी.

परिच्छेदाच्या शेवटी टिपेचा एकच आकडा टाकून मोकळं होण्याची सवय अनेकांना असते. सात वाक्यांतली किती त्या लेखकाची आणि किती तुझी, हे वाचकाने कसं ओळखायचं? लेखकाचं नाव घेऊन त्याचं म्हणणं सुरू कर, ते संपतं तिथे टीप दे. पुढच्या वाक्यापासून तू बोलतोस हे आपोआप कळतं.

संपादित ग्रंथाच्या बाबतीत एक चूक इतक्या वेळा दिसते की वेगळी सांगतो. लेख एकाचा असतो आणि ग्रंथाचा संपादक दुसरा. संदर्भ लेखकाच्या नावावर हवा, संपादकाच्या नव्हे. निबंधाच्या शेवटी येणाऱ्या संदर्भसूचीतली नोंद अशी बसते: आडनाव, नाव. "लेखाचं शीर्षक." ग्रंथाचं शीर्षक, संपादक अमुक, प्रकाशक, वर्ष, पृ. ५५–७८. सूचीत लेखाची पहिली आणि शेवटची पानं येतात. टिपेत तू वापरलेलं नेमकं पान येतं. टिपेतही ५५–७८ लिहिणं म्हणजे वाचकाला चोवीस पानं चाळायला लावणं. नियतकालिकाचं सूत्रही असंच, फक्त वर्षाबरोबर खंड आणि अंक लागतात. अनुवाद वापरलास तर अनुवादकाचं नाव कधीच गाळू नकोस, शब्द त्याचे आहेत. अनुवाद तू केला असशील तर "अनुवाद माझा" एवढं पुरे.

उसन्या टिपांचं काय? एका पुस्तकाने दुसऱ्या, जुन्या पुस्तकातलं वाक्य दिलंय. तू ते उचललंस आणि टीप थेट जुन्या पुस्तकाची दिलीस. यात दोन गोष्टी घडतात. न वाचलेलं वाचल्याचा दावा तू करतोस, आणि मधल्या लेखकाने पान चुकवलं असेल, वाक्य तोडलं असेल, तर ती चूक तुझ्या नावावर जमा होते. अशा चुका पिढ्यानपिढ्या पुढे जातात. शक्य असेल तर मूळ ग्रंथ काढून बघ. पुष्कळदा तिथला आशय थोडा वेगळा निघतो. मिळालाच नाही तर मूळ लेखकाचं नाव घेऊन पुढे "अमुकच्या ग्रंथात उद्धृत, पृ. ९१" असं स्वच्छ लिही. यात कमीपणा काही नाही. पण निबंधातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त टिपा अशा झाल्या तर वाचन कमी पडलंय असं समज.

संदर्भ मांडायच्या शैलीची निवड तुझी नसतेच. विभाग किंवा नियतकालिक सांगेल ती. भाषा-साहित्यात एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची शैली चालते: मजकुरात कंसात लेखक आणि पान, शेवटी सूची. इतिहासात शिकागोची, म्हणजे "शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल"ची, तळटिपांची पद्धत रूढ आहे. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली, मुळात मानसशास्त्राची. तिच्यात वर्ष लेखकाच्या नावाला चिकटून येतं, कारण त्या क्षेत्रात संशोधन कितपत ताजं आहे हे आधी बघतात. शैलीची आवृत्तीही विचार. एमएलएने २०१६ सालच्या आठव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ लिहिणं बहुतांशी सोडलं, शिकागोने ते २०२४ सालच्या अठराव्या आवृत्तीत सैल केलं. जुना नमुना समोर ठेवलास तर गावांची नावं फुकट शोधत बसशील. लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात घ्यायची मर्यादाही शैलीगणिक बदलते: एमएलएत गद्याच्या चार ओळींहून जास्त, एपीएत चाळीस शब्द किंवा जास्त, शिकागोत साधारण शंभर शब्द. वेगळ्या परिच्छेदात घेतलेल्या अवतरणाला अवतरणचिन्हं लावत नाहीत.

"तत्रैव", म्हणजे "वरच्याच ग्रंथात", असं लिहिणं मात्र टाळ. मसुद्यात मध्येच एक नवी टीप घुसली की खालचं "तत्रैव" मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. आडनाव, छोटं शीर्षक आणि पान एवढी संक्षिप्त टीप जास्त सुरक्षित. शिकागोनेही २०१७ सालच्या आवृत्तीपासून हाच सल्ला दिलाय.

अभिजात ग्रंथांना पानापेक्षा टिकाऊ पत्ता असतो, तोच दे. प्लेटोसाठी १५७८ सालच्या आवृत्तीतले पृष्ठांक आणि ॲरिस्टॉटलसाठी १८३१ सालच्या बेकर आवृत्तीतले अंक आजही जगभर चालतात. ऋग्वेदासाठी मंडल, सूक्त, ऋचा. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक मात्र गाथेगणिक बदलतात, म्हणून तिथे कोणती गाथा हे सांगितल्याशिवाय नुसता क्रमांक बिनकामाचा.

संकेतस्थळावरच्या मजकुरासाठी लेखक, शीर्षक, स्थळाचं नाव, प्रकाशनाची तारीख, पूर्ण पत्ता, आणि मजकूर बदलता असेल तर पाहिल्याची तारीख. शोधलेखाला डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, असेल तर तोच दे. साधे पत्ते मरतात, तो टिकावा म्हणूनच काढलाय. महत्त्वाचं पान त्याच दिवशी, संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर जतन करून ठेव. कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत सापडून तू उघडेपर्यंत अस्तित्वात नाही असंच धर. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि लेखच नाही, असा प्रकार सर्रास होतो.

संदर्भांच्या नोंदी जमवणारं झोटेरोसारखं साधन जरूर वापर, ते फुकट आहे. पण ते जे खेचून आणतं त्यात लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं, संपादक गायब, शीर्षकातली अक्षरं भलतीच, असं बरंच येतं. नोंद आली की लगेच शीर्षकपानाच्या फोटोशी ताडून घे. मराठी सूचीच्या वर्णानुक्रमाकडेही बघ: संगणकाच्या मूळ क्रमात ळ हा ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज खाली, हे एकदा ठरव आणि सगळीकडे तेच ठेव.

निबंध पाठवण्याआधी छापील प्रत काढ आणि प्रत्येक टिपेतलं आडनाव सूचीत आहे का, यावर खूण करत जा. मग उलट बाजूने सूचीतली प्रत्येक नोंद टिपांत आलीय का ते बघ. जी आली नाही ती काढ, वाचलेल्या पुस्तकांची यादी कोणी मागितलेली नाही. त्यानंतर कुठलीही दहा अवतरणं निवडून मूळ पानाशी अक्षरशः जुळव. दहात एक चुकलं तर सगळी तपास.

तुझा शुभचिंतक