तीन लाखांच्या पोर्टफोलिओसाठी शेअर शिफारशींचं पेड न्यूजलेटर घ्यावं का?

तुमच्या प्रश्नात आकडे दिलेत हे बरं केलंत: पोर्टफोलिओ तीन लाखांचा, न्यूजलेटरचं शुल्क वर्षाला पंधरा हजार, आणि जाहिरातीत ठळक 'सेबी नोंदणीकृत' (सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था). मी फोर्टात एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसला आहे. अशा शिफारशींवर झालेले सौदे रोज नजरेखालून जातात, म्हणून लिहितोय.

आधी शुल्काचा हिशेब. पंधरा हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की १७,७०० होतात, म्हणजे तुमच्या रकमेच्या जवळजवळ सहा टक्के. निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडाशी (निफ्टी या निर्देशांकातले ५० मोठे शेअर जसेच्या तसे घेणारा फंड) नुसती बरोबरी साधायची तरी या शिफारशींना दरवर्षी त्याच्यापेक्षा साधारण सहा टक्के जास्त कमवावे लागतील. भल्याभल्या फंड मॅनेजरांना हे सातत्याने जमत नाही. तीस लाख असते तर हेच शुल्क अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर गेलं असतं आणि मी इतकं ताणलं नसतं.

नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासाच. 'आयएनएच'ने सुरू होत असेल तर तो रिसर्च अ‍ॅनालिस्ट, 'आयएनए' असेल तर इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायझर. न्यूजलेटरवाले बहुधा पहिल्या प्रकारातले. ते सगळ्या वर्गणीदारांना एकच शिफारस पाठवतात. तुमच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत की नाहीत, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अ‍ॅडव्हायझरला मात्र तुमची जोखीम पेलायची ताकद आधी बघावी लागते. दुसऱ्याचा क्रमांक छापून धंदा करणारेही आहेत, तेव्हा नाव, ईमेल, फोन नोंदीशी जुळवा. आणि नोंदणी परताव्याची हमी देत नाही, हे त्यांच्याच पानावर तळाला बारीक अक्षरांत सापडेल.

खरी मेख 'ट्रॅक रेकॉर्ड'मध्ये असते. समजा, रात्री ईमेल येतो: अमुक स्मॉलकॅप (छोट्या कंपनीचा) शेअर १०० रुपयांना घ्या. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा हजारो वर्गणीदार एकाच वेळी खरेदीला उभे. शेअर १०५ ला अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसापुरत्या वाढीच्या कमाल मर्यादेला; विकायला कोणी नाही. दोन दिवसांनी तुम्हाला मिळतो तो ११० ला. पुढे तो १२० ला गेला की त्यांच्या तक्त्यात नफा वीस टक्के, तुमच्या डिमॅटमध्ये नऊ, आणि वर्षाच्या आत विकलात तर त्यावर २० टक्के कर. म्हणून त्यांच्याकडे मागच्या दोन-तीन वर्षांतल्या सगळ्या शिफारशी तारखेसकट मागा, बुडालेल्या आणि गुपचूप 'बंद' केलेल्याही. मग प्रत्येकीला दुसऱ्या दिवशीचा भाव लावा आणि त्याच काळातल्या निफ्टीच्या लाभांशासकट परताव्याशी ताडून बघा. 'दहापैकी नऊ टिप्स बरोबर' या वाक्याला काही अर्थ नाही. नऊंनी चार-चार टक्के दिले आणि दहावा सत्तर टक्के पडला तर काय उरलं?

टेलिग्रामवरच्या फुकट टिप्सचा खेळ त्याहून जुना आहे. ३,२०० जणांपैकी निम्म्यांना 'वर जाईल', निम्म्यांना 'खाली जाईल' असं पाठवायचं. चुकलेल्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. पाचव्या फेरीनंतर शंभर माणसं अशी उरतात की ज्यांच्या लेखी हा गृहस्थ कधी चुकतच नाही. मग त्यांच्याकडे पैसे मागायचे. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन तर नोंदणीकृत माणसाला देताच येत नाही. कोणी दिलं तर तिथेच फोन ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर आत्ता वर्गणी भरली नसती. तीन लाख इंडेक्स फंडात, आणि या न्यूजलेटरच्या जेवढ्या शिफारशी उघड दिसतात तेवढ्या पैसे न लावता वर्षभर कागदावर मांडून बघितल्या असत्या. तरीही घ्यायचंच असेल तर पैसे नोंदणी ज्या नावावर आहे त्याच नावाच्या खात्यात जाताहेत ना, एवढं बघा. कोणा 'मॅनेजर'च्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. काही बिनसलं तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, पण समोरचा नोंदणीकृत असला तरच.