मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या का उडतात?

प्रश्न : आमच्या मायक्रोवेव्हमध्ये धातूचे भांडे ठेवलेले नसतानाही काही दिवसांपासून उजव्या भिंतीजवळ ठिणग्या उडतात आणि जळका वास येतो. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : बहुधा नाही, मात्र कारण सापडेपर्यंत ते वापरू नये. प्लग काढून आतील उजव्या भिंतीकडे नीट पाहा. तेथे पुठ्ठ्यासारखा दिसणारा, करड्या किंवा तपकिरी रंगाचा अभ्रकाचा पातळ पत्रा असतो, ज्याच्या आडून सूक्ष्मलहरी आत येतात. त्यावर उडालेले तेल आणि अन्नकण पुनःपुन्हा तापून त्यांचा कोळसा होतो, आणि कोळसा वीजवाहक असल्यामुळे नेमक्या त्याच जागी ठिणगी पडते. पत्रा नुसता तेलकट असेल तर ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्यावा. काळा डाग किंवा भोक पडले असेल, तर त्याच मापाचा नवा पत्रा बसवावा. हा सुटा भाग फारसा महाग नसतो. भिंतीच्या रंगाचा पोपडा निघून आतला धातू उघडा पडला असेल, तरीही ठिणग्या उडतात.

चिकटलेले डाग खरवडू नयेत. वाटीभर पाण्यात थोडे व्हिनेगर आणि एक लाकडी चमचा ठेवून ते वाफ धरेपर्यंत तापवावे आणि दार पाच मिनिटे बंदच ठेवावे. मग डाग सहज पुसले जातात.

बाहेरचे आवरण मात्र स्वतः कधीही उघडू नये, कारण आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. पत्रा बदलूनही ठिणग्या थांबल्या नाहीत, तर तंत्रज्ञालाच बोलवावे.