एमकॅड एन्झाइम पहिल्यांदा हातात घेताना

अरे, एमकॅडची (मध्यम लांबीच्या फॅटी अ‍ॅसिडचं विघटन सुरू करणारं एन्झाइम) व्हायल आली म्हणून लगेच अ‍ॅसे, म्हणजे एन्झाइमचा वेग मोजायची चाचणी, लावायला बसू नकोस, आधी डेटाशीट नीट वाच. बरीच रिकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशीत जीन घालून बनवलेली) ह्युमन प्रोटीनं अँटीबॉडीच्या कामासाठी विकतात, त्यांची अ‍ॅक्टिव्हिटी तपासलेलीच नसते, आणि नवीन मुलं हमखास इथेच फसतात.

मग रंग बघ. एमकॅडमध्ये एफएडी (एन्झाइमला कामाला लागणारा पिवळा सहायक रेणू) घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे कॉन्सन्ट्रेटेड प्रोटीन छान पिवळं दिसतं आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपास पीक मिळतो. पीक नसेल तर एफएडी बहुतेक निघून गेलंय, आधी ते निस्तर, रेट नंतर मोज.

बाकी सुरुवातीला एवढं सांभाळ:

- छोटे अलिकोट (एका वेळेपुरते वाटे) कर, तेच तेच गोठवणं-वितळवणं नको.
- सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) ऑक्टॅनॉइल-कोए, तेही ताजं. अल्कलाइन बफरमध्ये ठेवून देऊ नकोस, त्यातला थायोएस्टर बंध तुटतो.
- फेरोसीनियम अ‍ॅसे (फेरोसीनियम एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतं, तसं त्याचं अ‍ॅब्सॉर्बन्स उतरतं) ३०० नॅनोमीटरला वाचतात, तिथे क्वार्ट्झ क्युव्हेटच लागते, साधी प्लास्टिकची चालत नाही.
- एन्झाइमशिवाय आणि सबस्ट्रेटशिवाय, दोन्ही कंट्रोल दर वेळी लाव, कारण फेरोसीनियमचं अ‍ॅब्सॉर्बन्स आपलं आपणही थोडं उतरतं.

के३०४ई म्यूटंट (एक अमिनो अ‍ॅसिड बदललेलं एमकॅड), केएम (अर्ध्या कमाल वेगाला लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण) वगैरे सगळं नंतर. वाइल्ड टाइप, म्हणजे न बदललेलं एन्झाइम, आधी सरळ रेघ देऊ दे, एन्झाइम दुप्पट केल्यावर रेट दुप्पट होतो का बघ, आणि अडलास तर रॉ रीडिंग दाखव, बघू आपण.