लहानपणीच्या लसींचे संरक्षण मोठेपणी तपासावे का?

लसीकरणाचे कार्ड हरवले असेल तर प्रत्येक लसीसाठी रक्ततपासणी करावी का, असे आपण विचारले आहे. तशी गरज सहसा नसते. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा जादा डोस आधीच प्रतिकारशक्ती असलेल्यालाही अपाय करत नाही, म्हणून प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजत बसण्यापेक्षा लस घेणे सोपे. मात्र तिच्यात दुर्बल केलेले जिवंत विषाणू असल्याने ती गरोदरपणात देत नाहीत. धनुर्वात आणि घटसर्प यांपासूनचे संरक्षण हळूहळू ओसरते, त्यामुळे दर 10 वर्षांनी बूस्टर घ्यावा. पायात खिळा घुसेपर्यंत थांबू नये. तपासणी खरी उपयोगी पडते ती हिपॅटायटिस बीसाठी, विशेषतः रुग्णालयात काम करणाऱ्यांना: सर्व डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसचा, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या रक्तातील प्रतिपिंडांचा, आकडा 10 mIU/mL किंवा अधिक आला, तर पुढे तो घसरला तरी निरोगी व्यक्तीचे संरक्षण टिकते.