दिवाळीत मिळालेल्या गिफ्ट कार्डावर ऑनलाइन मिक्सर घेताना वरचे पैसे कसे भरायचे?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. कंपनीने दिलेलं ५,००० चं कार्ड आणि ७,२०० चा मिक्सर हे जमवायचं कसं, मिक्सर परत केला तर पैसे कुठे जातात, ड्रॉवरमध्ये सापडलेलं जुनं कार्ड मेलं का, आणि टेलिग्रामवर एकजण ५,००० चं कार्ड ४,००० ला देतोय ते घ्यावं का. मी चाकणला एका कंपनीत एचआरला आहे, ही कार्डं वाटायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं आणि मग महिनाभर लोक हेच विचारत येतात, म्हणून सांगते.

आधी कार्ड उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, ते इश्यू कुणी केलंय बघा. पुढचं सगळं त्यावर आहे.

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टचं असेल तर काहीच डोकेदुखी नाही. कोड अकाउंटला ॲड करायचा, चेकआउटला ५,००० त्यातून वजा होतात आणि वरचे २,२०० यूपीआयने नाहीतर डेबिट कार्डाने भरायचे. फक्त कोड कुणाच्या अकाउंटला टाकताय ते आधी ठरवा, तुमच्या की घरच्यांच्या, कारण एकदा ॲड झाला की तो दुसऱ्या अकाउंटला हलवता येत नाही. आणि ती चंदेरी पट्टी जरा हलक्या हाताने खरवडा हो. आमच्या स्टोअर्समधल्या एका काकांनी बाईकच्या किल्लीने अशी खरवडली की पट्टीबरोबर कोडमधली दोन अक्षरंही गेली, मग कार्डावरचा सिरियल नंबर, पाकीट, आमच्याकडचं खरेदीचं बिल असं सगळं पाठवून बऱ्याच दिवसांनी काम झालं. कोड घेत नसेल तर आधी इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि आठ यांची गल्लत झालीय का बघा.

अजून एक, सेलमध्ये बँकेच्या कार्डावर १० टक्के सूट वगैरे असते ना, तिथे बहुतेक वेळा अट असते की त्या कार्डाने अमुक इतके तरी भरले पाहिजेत. तुम्ही गिफ्ट कार्ड लावलंत की बँकेच्या कार्डाच्या वाट्याला २,२०० च येतात आणि ऑफर हातची जाते. अशा वेळी मिक्सर ऑफरवर घ्या आणि गिफ्ट कार्ड किराणा, साबण-तेल असल्या गोष्टींवर संपवा, तसंही ते लागतंच.

आता कार्ड बँकेचं असेल, म्हणजे रुपे किंवा व्हिसाचा लोगो, पुढे १६ आकडे, मागे सीव्हीव्ही, तर ते डेबिट कार्डासारखं चालतं आणि खरी गंमत तिथेच आहे. साइट पूर्ण ७,२०० एकाच कार्डातून ओढायला जाते, कार्डात ५,००० च, त्यामुळे पेमेंट फेल, आणि माणूस म्हणतो कंपनीने बोगस कार्ड दिलं. त्याच साइटचं ५,००० चं ई-गिफ्ट कार्ड या कार्डाने घ्यायचं आणि मग ते लावून वरचे यूपीआयने भरायचे अशी एक वाट आहे, पण अशा प्रीपेड, म्हणजे आधीच पैसे भरलेल्या कार्डावर गिफ्ट कार्ड सगळीकडे देत नाहीत, नाही झालं तर सरळ ५,००० च्या आतली वस्तू बघा. ओटीपी कुठल्या मोबाईलवर येतो तेही आधी बघून घ्या. कंपनीने घाऊक कार्डं घेतलेली असतात, तुमचा नंबर जोडलेला नसला तर ओटीपीची वाट बघत बसाल.

मिक्सर परत केला तर गिफ्ट कार्डाचे ५,००० गिफ्ट कार्डाच्याच बॅलन्सला येतात आणि यूपीआयचे २,२०० बँकेत. बँकेच्या कार्डाने घेतलं असेल तर रिफंड त्याच प्लॅस्टिकवर येतो, म्हणून बॅलन्स शून्य झाला म्हणून लगेच कचऱ्यात टाकू नका, परत करायची मुदत संपेपर्यंत तरी ठेवा. बँक खात्यात रोख करून द्या म्हणालात तर ते होत नाही, गिफ्ट कार्डाला कॅश-आउट रिझर्व्ह बँकेच्या नियमातच नाही. तिथेच एका कार्डाची कमाल मर्यादा १०,००० आहे आणि पुन्हा पैसे भरायची सोय नाही.

जुन्या कार्डावर मात्र लगेच पाणी सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या प्रीपेड इन्स्ट्रुमेंट्सच्या नियमांनुसार कार्डाला किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते, आणि मुदत संपली म्हणून उरलेले पैसे लगेच कार्ड इश्यू करणाऱ्याच्या खिशात जात नाहीत. इश्यू करणारी बँक नसून दुसरी कंपनी असेल तर तिला निदान तीन वर्षं ते स्वतःच्या नफ्यात धरता येत नाहीत. गिफ्ट कार्ड ग्राहकाने मागितलं तर रिव्हॅलिडेट करून देता येतं, म्हणजे तेच पुढे चालू किंवा बदली नवं. त्यामुळे इश्यू करणाऱ्याला, लक्षात घ्या, दुकानाला नाही, इश्यू करणाऱ्याला मेल टाका, कार्ड नंबरचे शेवटचे आकडे आणि एक्सपायरीची तारीख द्या आणि सरळ रिव्हॅलिडेशन मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. पण कार्ड एखाद्या ब्रँडने फक्त स्वतःच्याच दुकानासाठी काढलेलं असेल तर हे नियम त्याला लागू नाहीत, तिथे ब्रँडची मर्जी, फार तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

टेलिग्रामवाल्याकडून नका घेऊ. कोड म्हणजे रोख पैसे, तो एकच कोड चौघांना विकतो आणि जो आधी ॲड करेल त्याचा. कधी कधी कार्डच चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेलं असतं, मग तुमचा बॅलन्स गोठतो आणि खुलासे तुम्ही करत बसता. सूटच हवी असेल तर क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पोर्टलवर अधूनमधून दोन-चार टक्के कमीत मिळतात. पैसे आधीच पाठवले असतील तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर ढकलू नका.